उपाहारगृह व्यवसायात घरपोच सेवेचा अंतर्भाव : खर्च, पदार्थ आणि ग्राहक

प्रस्तावना

मराठी बोलीत 'हॉटेल' या शब्दाने राहण्याची सोय क्वचितच सूचित होते. हॉटेल म्हणजे चहा, मिसळ, राइस प्लेट मिळण्याचे ठिकाण आणि 'पार्सल' म्हणजे तेथून बांधून घरी नेलेला पदार्थ. हे दोन्ही शब्द व्यवहारात इतके रुळले आहेत की, घरपोच सेवा ही पार्सलचीच पुढची पायरी आहे असा समज सहज होतो. वस्तुतः या दोहोंत एक मूलभूत भेद आहे. पार्सलमध्ये ग्राहक स्वतः गल्ल्यापाशी येतो, वाहतुकीचा खर्च आणि जोखीम स्वतः उचलतो आणि घरी पोहोचेपर्यंत पदार्थ निवला तर त्याचा दोष अंतराला देतो. घरपोच सेवेत हा खर्च, ही जोखीम आणि हा दोष ही तिन्ही ओझी उपाहारगृहाच्या खांद्यावर येतात.

गेल्या दशकात जिल्ह्याच्या व तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या अनेक उपाहारगृहांनी ही सेवा स्वीकारली. काहींनी ती विचारपूर्वक स्वीकारली, तर पुष्कळांनी शेजारच्या दुकानावर नवी पाटी लागली म्हणून स्वीकारली. प्रस्तुत लेखात तीस-चाळीस आसनांचे, कुटुंबाच्या मालकीचे, एका वस्तादाच्या हाताखाली चालणारे उपाहारगृह डोळ्यांसमोर ठेवून या सेवेच्या अर्थव्यवहाराचा विचार केला आहे. मोठ्या साखळी उपाहारगृहांचे गणित वेगळे असल्याने ते येथे केवळ तुलनेपुरते आले आहे. घरपोच सेवा हा मूळ धंद्याचा विस्तार नसून त्याच भटारखान्यात चालणारा दुसरा धंदा आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे. हा दुसरा धंदा पहिल्याला हातभार लावतो की त्याला खातो, हे आलेल्या मागण्यांच्या संख्येवरून कळत नाही. त्या मागण्या कोणाकडून आणि कोणत्या वेळी आल्या, यावरून ते कळते.

पार्श्वभूमी

तयार अन्न वेळेवर पोहोचविण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईतील डबेवाल्यांच्या व्यवस्थेचा आरंभ १८९० साली महादू हावजी बच्चे यांच्यापासून मानला जातो. मावळ, खेड, जुन्नर या परिसरातून आलेल्या माणसांनी झाकणावरच्या खुणांच्या आणि लोकलगाडीच्या आधारे ही व्यवस्था उभी केली. पुढे २०१० मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलने तिचा व्यवस्थापनाच्या अंगाने अभ्यास प्रसिद्ध केला. मात्र डबेवाला उपाहारगृहाचे अन्न नेत नसे, तर प्रामुख्याने घरचे अन्न कार्यालयात नेत असे. खानावळीचा डबा हा याच परंपरेचा दुसरा धागा. महिन्याचे पैसे, ठरलेली वेळ, ठरलेले पदार्थ आणि गैरहजर दिवसांचे खाडे यांवर चालणारा हा व्यवहार पुण्या-कोल्हापुरासारख्या विद्यार्थीबहुल शहरांत आजही टिकून आहे.

मागणी येताच शिजवून तत्काळ पोहोचविण्याची पद्धत मात्र वेगळ्या वाटेने आली. डॉमिनोज या अमेरिकी कंपनीने भारतातील पहिले दुकान १९९६ मध्ये दिल्लीत उघडले आणि तीस मिनिटांच्या हमीची कल्पना येथील शहरांना परिचित करून दिली. पुण्यात रोल विकणारे दुकान म्हणून सुरू झालेल्या 'फासोस'ने पुढे बसण्याची जागाच काढून टाकली आणि केवळ घरपोच विक्रीसाठी चालणाऱ्या भटारखान्यांची साखळी उभारली. २०१४ मध्ये बंगळुरूत स्विगी सुरू झाली. २००८ पासून उपाहारगृहांची माहिती देणाऱ्या झोमॅटोने २०१५ मध्ये घरपोच सेवेत प्रवेश केला. मुंबईच्या टायनीआउलसारखे काही स्पर्धक अल्पावधीत बंद पडले. उबर ईट्सचा भारतातील व्यवसाय जानेवारी २०२० मध्ये झोमॅटोने विकत घेतला आणि बाजारपेठ बहुतांशी दोन मंचांच्या हाती आली.

त्यानंतर दोनच महिन्यांत टाळेबंदी आली. महाराष्ट्रात उपाहारगृहांत बसून खाण्याची मुभा ५ ऑक्टोबर २०२० रोजी निम्म्या क्षमतेने पुन्हा मिळाली आणि एप्रिल २०२१ मध्ये ती परत काढून घेण्यात आली. या काळात पार्सल व घरपोच सेवा हाच उत्पन्नाचा एकमेव मार्ग होता. परिणामी ज्या प्रश्नाचा निर्णय हिशेब मांडून व्हायला हवा होता, तो अनेकांच्या बाबतीत नाइलाजाने झाला. दालन पुन्हा उघडल्यावर तरी तो हिशेब मांडला जायला हवा होता. तोही बहुतेक ठिकाणी राहून गेला.

अंशदानाचा हिशेब

वाणिज्य शाखेच्या अभ्यासक्रमातील सीमांत परिव्यय ही संकल्पना येथे नेमकी उपयोगी पडते. विक्री किमतीतून केवळ त्या विक्रीमुळे झालेला चल खर्च वजा केल्यावर उरणारी रक्कम म्हणजे अंशदान. भाडे, पगार, वीज यांसारखा स्थिर खर्च या अंशदानातून भागतो व त्यानंतर नफा उरतो.

पुढील आकडे विवेचनासाठी गृहीत धरले आहेत. दालनात बसलेल्या ग्राहकाचे देयक कर वगळून ३०० रुपये आणि कच्च्या मालाचा खर्च ३५ टक्के, म्हणजे १०५ रुपये मानला, तर अंशदान १९५ रुपये होते. हीच मागणी मंचावरून आली असे समजू. मंचाच्या यादीत वर दिसण्यासाठी दिलेली १० टक्के सवलत उपाहारगृहाने सोसली, तर २७० रुपये उरतात. त्यावर २२ टक्के दराने कमिशन ५९ रुपये ४० पैसे होते. कमिशनवरील १८ टक्के वस्तू व सेवा कर सुमारे १० रुपये ७० पैसे होतो. डबे, झाकणे, पिशवी यांचे १५ रुपये आणि कच्च्या मालाचे पूर्वीचेच १०५ रुपये. सर्व वजा जाता जेमतेम ८० रुपये हाती राहतात.

येथे एक तांत्रिक बाब सामान्यतः दुर्लक्षिली जाते. १५ नोव्हेंबर २०१७ पासून सर्वसाधारण उपाहारगृहांना ५ टक्के कर लागू असून त्यात भरलेल्या कराचा परतावा मिळत नाही. त्यामुळे कमिशनवरील १८ टक्के कर हा अशा उपाहारगृहाला निव्वळ खर्च ठरतो. मंचाकडून येणाऱ्या मासिक विवरणात तो स्वतंत्र ओळीत दाखविलेला असतो आणि 'तो तर कर आहे' असे म्हणून मालक त्याकडे पाहत नाही.

१९५ आणि ८० या दोन आकड्यांकडे पाहून घरपोच सेवा तोट्याची आहे, असा निष्कर्ष काढणेही चुकीचे ठरेल. जी मागणी एरवी आलीच नसती, तिच्यापासून मिळणारे ८० रुपये हे निव्वळ वाढीव उत्पन्न असते. त्या वेळी शेगडी पेटलेलीच असते आणि आचारी पगारावर असतोच. अशा मागणीस 'अतिरिक्त मागणी' म्हणता येईल. याउलट शनिवारी संध्याकाळी सहकुटुंब येऊन बसणारा जुना ग्राहक त्याच संध्याकाळी घरी बसून मंचावरून तेच पदार्थ मागवू लागला, तर ती 'वळलेली मागणी' होय. येथे उपाहारगृहाने ८० रुपये मिळविले नसून ११५ रुपये गमावले आहेत. वाढप्याचा व भांडी घासण्याचा थोडा भार हलका होतो हे खरे, पण त्यांचे पगार त्यामुळे कमी होत नाहीत.

या दोहोंचे प्रमाण किती असावे, हे साध्या गणिताने काढता येते. १०० घरपोच मागण्यांपैकी ४१ वळलेल्या असतील, तर त्यांच्यावरील नुकसान ४७१५ रुपये आणि उरलेल्या ५९ मागण्यांवरील मिळकत ४७२० रुपये होते, म्हणजे सारे श्रम निष्फळ ठरतात. वळलेल्या मागण्या याहून अधिक असल्यास मागण्यांची संख्या जसजशी वाढेल, तसतसा तोटाही वाढेल. दुकानात मंचाचे यंत्र दिवसभर वाजत असते, बँकेत दर आठवड्याला रक्कम जमा होते आणि तरीही महिनाअखेर दूधवाल्याचे देणे थकते, या कोड्याचा उलगडा बहुधा येथेच असतो.

आता बांधणीसाठी महिना १५,००० रुपये पगारावर एक माणूस ठेवला असे मानू. सर्व मागण्या अतिरिक्त असतील, तर त्याचा पगार निघण्यास महिन्याला १८८ मागण्या, म्हणजे दिवसाला सहा-सात पुरतात. चौथा हिस्सा मागण्या वळलेल्या असतील, तर दर मागणीमागे सरासरी ३१ रुपये २५ पैसेच उरतात आणि त्याच पगारासाठी ४८० मागण्या लागतात, म्हणजे दिवसाला सोळा. वळलेल्या मागण्यांचे प्रमाण निम्म्यावर गेले, तर कितीही मागण्या आल्या तरी हा पगार त्यांतून निघू शकत नाही.

मंचावरील दर दालनातील दरापेक्षा चढे ठेवणे हा यावरचा रूढ उपाय आहे व तो अंशतः उपयुक्तही आहे. परंतु ग्राहक दोन्ही दरपत्रके पाहू शकतो. पिढ्यान्पिढ्या येणाऱ्या गावच्या ग्राहकाला तीच मिसळ दोन भावांत विकली जाते हे कळले, की प्रश्न केवळ पैशांचा उरत नाही.

भटारखाना आणि वेळ

वर 'शेगडी पेटलेलीच असते' असे म्हटले आहे. रविवारी दुपारी एक वाजता हे विधान खरे असते, पण उपयोगाचे नसते. त्या वेळी चाळीसही आसने भरलेली असतात, दाराशी माणसे उभी असतात आणि तव्याची क्षमता संपलेली असते. त्याच घटकेला मंचावरील मागण्याही सर्वाधिक येतात, कारण भूक सर्वांना एकाच वेळी लागते. अशा वेळी स्वीकारलेली घरपोच मागणी नव्या ग्राहकाची असली तरी ती दालनात बसलेल्या कोणाच्या तरी ताटाला मागे ढकलते. वीस मिनिटे वाट पाहणाऱ्या माणसासमोरून पिशव्या बाहेर जात असतात. तो रागावून उठून गेला तर ती हानी कोणत्याही विवरणात उमटत नाही. म्हणून गर्दीच्या वेळची अतिरिक्त मागणी ही परिणामाने वळलेल्या मागणीसारखीच असते.

यास्तव घरपोच सेवेचे तास दालनाच्या तासांहून वेगळे ठेवणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी वापरला जाणारा उपाय आहे. दुपारी चार ते सात आणि कामाच्या दिवसांची रात्र या वेळांत बहुसंख्य मध्यम उपाहारगृहांचे भटारखाने अर्धवट रिकामे असतात. गर्दीच्या दीड-दोन तासांत मंचावरील विक्री थांबविण्याची सोय उपलब्ध असते. मागणी स्वीकारून नंतर नाकारण्यापेक्षा आधीच थांबणे ग्राहकाच्याही हिताचे असते.

पदार्थाचा प्रवास

घरपोच सेवेची चर्चा पैशांपाशी सुरू होत असली तरी ती बहुधा डब्याच्या झाकणाखाली संपते. गरम पदार्थ बंद डब्यात ठेवला की त्याची वाफ झाकणाला लागून पाणी होते आणि ते पाणी परत पदार्थावर पडते. रश्श्याला त्याने काही होत नाही, परंतु वडा, भजी, पुरी, डोसा या पदार्थांचे मर्म त्यांच्या कुरकुरीतपणात असल्यामुळे पंधरा मिनिटांत त्यांचा कस जातो. झाकणाला छिद्रे ठेवली तर कुरकुरीतपणा थोडा टिकतो आणि उष्णता जाते. दोन्ही एकाच वेळी राखता येत नाहीत, म्हणून कोणत्या पदार्थात काय राखायचे याचा निर्णय वस्तादाने घ्यावयाचा असतो.

पिष्टमय पदार्थांचे वर्तन याहून निराळे आहे. निवताना शिजलेल्या पिठातील कणांची पुन्हा घट्ट रचना होऊ लागते. म्हणूनच पिठले गोठते, आमटी दाटते, साबुदाण्याची खिचडी गोळा होते आणि मोदकाची उकड कोरडी पडते. ज्वारीच्या भाकरीत गव्हासारखे चिकटपण नसल्याने ती पोळीहून लवकर कडक होते. आमटी, पिठले प्रवासासाठी मुद्दाम किंचित पातळ ठेवणे हा साधा उपाय घरोघरच्या स्त्रिया डबा भरताना करीत आल्या आहेत. उपाहारगृहांना मात्र तो ग्राहकांच्या तक्रारींनंतर सुचतो. सोलकढी उष्ण पदार्थांच्या पिशवीत ठेवणे म्हणजे ती फाटण्याची व्यवस्था करणे होय, कारण नारळाचे दूध उष्णता सोसत नाही.

मिसळीचे उदाहरण बोलके आहे. दालनात ती एकाच ताटलीत येते. घरपोच पाठविताना उसळ व कट एका डब्यात, फरसाण कोरड्या पिशवीत, कांदा-लिंबू तिसऱ्यात आणि पाव कागदात अशी विभागणी केल्याशिवाय ती पोहोचतच नाही, पोहोचतो तो लगदा. परंतु या विभागणीमुळे १२० रुपयांच्या मिसळीसाठी चार वेष्टने लागतात आणि बांधणीचा खर्च देयकाच्या मानाने दुपटीने वाढतो. स्वस्त पदार्थाला जास्त वेष्टन लागते, ही घरपोच व्यवसायातील एक विचित्र विसंगती आहे. स्विगीच्या वार्षिक आकडेवारीत बिर्याणी सलग अनेक वर्षे अग्रस्थानी राहिली आहे. तिची लोकप्रियता हे तर त्याचे कारण आहेच, पण पदार्थ म्हणूनही ती प्रवासाला घडविल्यासारखी आहे. एकच भांडे, दाबून भरलेला उष्ण गोळा, आतली वाफ हितकारक आणि सोबतीला फक्त रायते. थाळीचे नेमके उलटे आहे. पाच वाट्या, दोन कोरडे पदार्थ, एक थंड, एक गोड, आणि तिचा खरा आनंद म्हणजे पुन्हा वाढणे. तो तर डब्यात घालताच येत नाही.

यावरून संपूर्ण दरपत्रक मंचावर चढविण्याची प्रथा किती अविचाराची आहे हे ध्यानी येईल. ज्या पदार्थासाठी उपाहारगृहाचे नाव झाले, तोच प्रवासात बिघडत असेल, तर घरपोच सेवा दर मागणीगणिक त्या नावाचे भांडवल खर्च करीत असते. ऐंशी पदार्थांच्या यादीतून आठ-दहा प्रवासक्षम पदार्थ निवडणे आणि बांधलेला डबा अर्धा तास बाजूला ठेवून मग मालकाने स्वतः उघडून खाणे ही परीक्षा फुकट होते.

उष्ण पदार्थ ६० अंश सेल्सिअसच्या वर व थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली ठेवावेत, हा अन्नसुरक्षेचा सर्वमान्य दंडक आहे. मधल्या पट्ट्यात जंतूंची वाढ वेगाने होते. लांबच्या अंतराला नकार देणे हे या दृष्टीने सेवेतील उणेपण नव्हे.

पोहोचविणारा माणूस

स्वतःचा माणूस ठेवावा की मंचावर विसंबावे, हा प्रश्न सामान्यतः स्वभावानुसार सोडविला जातो. त्याचेही गणित मांडता येते. १५,००० रुपये पगार व ३५०० रुपये इंधन असा महिन्याचा १८,५०० रुपये खर्च आणि २६ कामाचे दिवस धरल्यास दिवसाला आठ मागण्यांना दर फेरीचा खर्च ८९ रुपये पडतो, तर पंधरा मागण्यांना तो ४७ रुपये होतो. वरील उदाहरणात मंचाला कमिशन व करापोटी सुमारे ७० रुपये जात होते. म्हणजे दिवसाला सुमारे दहा मागण्यांपलीकडे स्वतःचा माणूस स्वस्त पडतो. मात्र मंच केवळ वाहतूक करीत नाही, तो ग्राहकही आणतो. स्वतःच्या माणसासाठी त्या दहा मागण्या दूरध्वनीवर कोठून येणार, हा प्रश्न उरतोच.

एका फेरीत एकच डबा नेणे हे या पद्धतीचे सर्वांत महाग अंग आहे. डबेवाल्यांची व्यवस्था आणि मंचांची व्यवस्था यांतील मुख्य भेद तोच. डबेवाल्याला किती डबे, कोठे आणि केव्हा हे आदल्या दिवशीच ठाऊक असते, म्हणून एक माणूस एका खेपेत अनेक डबे नेतो. मंचावर ही तिन्ही माहिती शेवटच्या क्षणी कळते व तिची किंमत शेवटी कोणाला तरी मोजावी लागते.

ही किंमत अनेकदा दुचाकीवरील माणूस मोजतो. अमेरिकेत डॉमिनोजने तीस मिनिटांची हमी अपघातांच्या खटल्यांनंतर १९९३ मध्ये मागे घेतली. भारतात पुढे दहा मिनिटांत अन्न पोहोचविण्याच्या योजना सुरू झाल्या, हे लक्षात घेता तीस वर्षांपूर्वीच्या त्या अनुभवाची आठवण फारशी राहिलेली दिसत नाही. नीती आयोगाच्या जून २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात सुमारे ७७ लाख गिग कामगार होते. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने त्यांची व्याख्या केली आणि मंचचालकांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यावी अशी तरतूद केली. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. उपाहारगृह कायद्याने या माणसाचे मालक नसते. तरीही तो त्यांच्याच दारात उन्हात उभा असतो. त्याला पाणी, बाकडे आणि स्वच्छतागृह मिळावे की नाही, हे ठरविणे पूर्णतः मालकाच्या हाती आहे.

ग्राहक कोणाचा?

दालनातील ग्राहकाला मालक नावाने ओळखतो, त्याचा तिखटाचा अंदाज वाढप्याला ठाऊक असतो. मंचावरील ग्राहक मात्र मंचाचा असतो. ग्राहकाचा दूरध्वनी क्रमांक उपाहारगृहास न देण्याचे धोरण मंचांनी दीर्घकाळ राबविले आणि त्यावरून व्यावसायिक संघटनांशी त्यांचा वाद झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये अनेक उपाहारगृहांनी सवलत योजनांच्या निषेधार्थ मंचांच्या योजनांतून बाहेर पडण्याची मोहीम चालविली. राष्ट्रीय उपाहारगृह संघटनेच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये दोन्ही प्रमुख मंचांच्या चौकशीचा आदेश दिला. मे २०२३ मध्ये मुंबईत 'आहार' या व्यावसायिक संघटनेच्या पाठबळाने 'वायू' नावाचे कमिशनविरहित अॅप सुरू झाले. शासनपुरस्कृत ओएनडीसी जालाचा पर्यायही पुढे आला. या पर्यायांतून कमिशनचा प्रश्न हलका होतो. ग्राहकाची सवय बदलण्याचा प्रश्न त्याहून कठीण आहे, कारण मंचाने त्याला अन्नाइतकीच निवडीची आणि सवलतीची गोडी लावली आहे.

या पार्श्वभूमीवर खानावळीच्या डब्याकडे पुन्हा पाहणे आवश्यक वाटते. समजा, एका उपाहारगृहाने जवळच्या वसाहतीत ३० मासिक डबे सुरू केले. डब्याचे ९० रुपये, कच्चा माल ४० रुपये, स्वतःच्या माणसाचा खर्च ७८० डब्यांवर वाटल्यास सुमारे २४ रुपये आणि डबे धुण्याचे २ रुपये. दर डब्यामागे २४ रुपये उरतात. ३०० रुपयांच्या मागणीपुढे हा आकडा केविलवाणा भासतो. परंतु महिन्याला त्यातून १८,७२० रुपये उभे राहतात, तेही पोहोचविणाऱ्याचा पगार भागवून. चौथा हिस्सा वळलेल्या मागण्या असणाऱ्या मंचावर तेवढ्याच रकमेसाठी सुमारे ६०० मागण्या लागतील आणि बांधणाऱ्याचा पगार त्यातून अजून जायचाच असेल. डब्याचा स्वयंपाक सकाळी अकरापर्यंत, म्हणजे गर्दीपूर्वी उरकतो. पैसे महिन्याच्या आरंभी मिळतात. ग्राहकाचा पत्ता, त्याचे पथ्य आणि तो गावाला कधी जाणार हे उपाहारगृहाला ठाऊक असते.

या पद्धतीच्या मर्यादाही उघड आहेत. पदार्थांचा कंटाळा येतो, परीक्षा संपल्या की विद्यार्थी गावी जातात, खाड्यांवरून कुरबुरी होतात आणि डबा परत येण्यास उशीर लागतो. एकाच दिवशी तीसच्या तीस घरांत आमटी खारट गेली तर तीस दूरध्वनी येतात. तथापि मुले परगावी वा परदेशी असलेली वृद्ध जोडपी, बदलीवर आलेले कर्मचारी, वसतिगृहाबाहेर राहणारे विद्यार्थी हा वर्ग लहान शहरांत वाढतो आहे. त्याला दररोज ऐंशी पदार्थांतून निवड करावयाची नसते, त्याला साडेबाराला जेवावयाचे असते.

नियम आणि नोंदी

कायदेशीर बाबींविषयी थोडक्यात सांगता येईल. अन्नसुरक्षा नोंदणी वा परवान्याचा क्रमांक देयकावर छापणे १ जानेवारी २०२२ पासून बंधनकारक आहे. त्याच दिवसापासून मंचामार्फत झालेल्या विक्रीवरील कर मंच स्वतः भरतो. त्यामुळे ही उलाढाल विवरणपत्रात स्वतंत्र दाखवावी लागते, अन्यथा एकाच विक्रीवर दुहेरी कर भरण्याचा वा नोटीस येण्याचा प्रसंग उद्भवतो. महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्माकोल व एकदा वापरावयाच्या प्लास्टिकच्या ताटवाट्यांवर बंदी आली, तर १ जुलै २०२२ पासून देशभर एकल वापराच्या अनेक प्लास्टिक वस्तू बंद झाल्या. पर्यायी वेष्टन महाग पडते आणि वरील हिशेबात धरलेले १५ रुपये अनेक पदार्थांना अपुरे पडतात.

नोंदींविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. मागणी अतिरिक्त की वळलेली, हे मंचाच्या कोणत्याही विवरणात सापडत नाही. ते उपाहारगृहालाच शोधावे लागते आणि त्यासाठी महागडी प्रणाली लागत नाही. सेवा सुरू करण्यापूर्वीच्या तीन महिन्यांतील दालनातील देयकांची संख्या वारनिहाय व वेळनिहाय लिहून ठेवावी. सुरू केल्यानंतरच्या तीन महिन्यांशी ती ताडून पाहावी. श्रावण, दिवाळी, लग्नसराई आणि परीक्षा यांचा परिणाम वगळण्यासाठी शक्य तेथे मागील वर्षाच्या त्याच महिन्यांचे आकडे घ्यावेत. शनिवार-रविवारच्या रात्री दालनातील देयके किती घटली आणि त्याच वेळी घरपोच मागण्या किती आल्या, या दोन आकड्यांतून वळलेल्या मागणीचा अंदाज बांधता येतो. हा अंदाज ढोबळ असला तरी ४१ टक्क्यांची मर्यादा ओलांडली आहे की नाही हे सांगण्यास तो पुरेसा असतो. वाणिज्य व हॉटेल व्यवस्थापनाच्या पदवी विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवा असतो आणि मालकांना असा हिशेब मांडणारे कोणी हवे असते. महाविद्यालयाच्या समोरच्याच उपाहारगृहात हे काम सुरू करता येईल. सहसा तेथील गल्ल्यावर जुन्या देयकपुस्तकांचा गठ्ठा अजूनही शिल्लक असतो.